तिकिटाएवढी जागा

"हे तिकीट आधी बाजूला करा," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या की सर. तुमचं काय खातंय ते?"

"येडूरकर, फोटो कशाचा आहे? फुलपाखराचा की एसटीच्या तिकिटाचा?"

"दोघांचाबी," साताप्पा येडूरकर म्हणाला आणि स्टूल पुढे ओढून माझ्या संगणकासमोर ऐसपैस बसला.

२०११ सालचा श्रावण चालू होता. आजऱ्याच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर प्राध्यापक, नाही घेतला तर कुणी नाही. सात वर्षं अशी काढली होती. त्या वर्षी एकदाची कायम जागेची जाहिरात निघाली होती, वीस डिसेंबरला मुलाखत होती, आणि प्राचार्यांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, "गुळवणी, बाकी सगळं ठीक आहे, पण तुमच्या नावावर छापलेला एक तरी शोधनिबंध हवा. नाहीतर मला तुमच्यासाठी भांडता येणार नाही." तेव्हा मी आजरा तालुक्यातल्या फुलपाखरांची यादी करायला घेतली होती.

साताप्पा आजरा आगारात कंडक्टर होता. पंचेचाळीशीचा, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, खाकी शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. एकदा गाडीत माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून त्याने विचारलं, "पाखरं का माणसं?" फुलपाखरं म्हटल्यावर तो हसायलाच लागला. "मग अकराच्या गाडीनं कुठं निघालासा? ती काय तुमची वाट बघत बसत्यात? पहाटं या."

त्याचं खरं होतं. उन्हं तापली की फुलपाखरं हाती लागत नाहीत. पण सूर्य उगवायच्या सुमाराला ती पंख मिटून, दवात भिजून पानाखाली गप्प बसलेली असतात, आणि त्या वेळी डोंगरातल्या गावात हजर असणारा माणूस म्हणजे मुक्कामी गाडीचा कंडक्टर. संध्याकाळी गाडी शेवटच्या गावात जायची, रात्री तिथेच थांबायची, सकाळी सातला परत निघायची. उठल्यापासून सात वाजेपर्यंत साताप्पा मोबाईल घेऊन झुडपं धुंडाळायचा. माझ्या चाळीस हजारांच्या कॅमेऱ्याला जे मिळत नव्हतं, ते त्याच्या गडहिंग्लजच्या बाजारातून घेतलेल्या मोबाईलला मिळत होतं. याचाही मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

पण तिकीट! प्रत्येक फोटोत डाव्या बाजूला, शेजारच्या पानावर, एक तिकीट ठेवलेलं. मशीनची तिकिटं तेव्हा नवीनच आली होती.

"तुमच्या मोबाईलवर तारीख येते ना," मी त्या दिवशी त्याला म्हणालो, "मग तिकीट कशाला?"

"मोबाईलची तारीख खोटी हाय सर." त्याने मोबाईल काढून मागचं झाकण दाखवलं. "ही बॅटरी सैल झालीया. गाडी खड्ड्यात आपटली की निसटती, आनि परत लावली की एक जानेवारी दोन हजार सात. दिसातनं चार बारी माझं नवं वरीस हुतंय. तिकिटावर कसं, तारीख खरी, गावाचं नाव खरं. तिकीट सांजचं, पाखरू दुसऱ्या दिशी पहाटंचं, येवडंच ध्यानात ठेवायचं."

"आणि तिकीट आणता कुठून?"

"शेवटच्या स्टॉपला उतारू टाकून जात्यात की गाडीत. त्यातलं एक उचलायचं. पाखरू किती मोठं त्येबी कळतंय शेजारी ठेवल्यावर. तिकीट न्हाई तर नोंद न्हाई. आमच्या खात्यात तसंच असतंय."

त्याच्यापुढे मी हात टेकले. "बरं, ठेवा. मी कापतो."

आणि मी कापायला लागलो. दर पंधरवड्याला साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी साताप्पा यायचा, मोबाईलमधलं कार्ड काढून द्यायचा, मी फोटो उतरवून घ्यायचो, आणि तो कार्ड रिकामं करून परत न्यायचा. मग मी बसायचो. फोटो उघडायचा, डावीकडचा तिसरा भाग उडवायचा, जतन करायचा, पुढचा उघडायचा. मूळ फोटो वेगळे ठेवायला त्या खटारा संगणकात जागा नव्हती. सुरुवातीला मी तिकिटावरचं गाव फोटोच्या नावात लिहायचो. नंतर नुसतं "आजरा तालुका" लिहू लागलो.

कारण त्या पिवळ्यांनी मला वैताग आणला होता. लिंबाच्या सालीसारखी पिवळी, नखाएवढ्या काळ्या कडेची, रस्त्याच्या कडेला टाकळ्यावर भिरभिरणारी ती छोटी फुलपाखरं तुम्ही हजारदा पाहिली असतील. ती सगळी एकच वाटतात. ती एक नसतात. दोनठिपकी असते, तीनठिपकी असते, एकठिपकी असते. ही आमची कामापुरती नावं. पंख मिटल्यावर खालच्या बाजूला, पंखाच्या मुळाशी, पेनाचं टोक टेकवल्यासारखे बारीक ठिपके दिसतात, ते मोजायचे. ते कधी दवाने पुसट होतात, कधी सावलीत जातात, कधी साताप्पाचा हात हललेला असतो. ऑक्टोबरपर्यंत माझ्याकडे अशा पिवळ्यांचे तीनशे बारा फोटो जमले होते. शंभरेक मी इमानाने भिंग लावून मोजले. बहुतेक दोनठिपकी निघाल्या, काही तीनठिपकी. त्यानंतर मोजायचं सोडून सगळ्या दोनठिपकीच्या खात्यात टाकल्या. दोनठिपकी सगळीकडे असते, तिचं गाव कोण विचारतो?

त्या दिवसांत मी सगळ्यांवर खेकसत होतो. बायको माहेरी गेली होती, ती आठवडाभर उशिराच परत आली. साताप्पालाही मधे एकदा फोनवर बरंच काही बोललो. काय ते दुसऱ्या दिवशी मलाही आठवत नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटी निबंध लिहून मी पुण्याला कारखानीस बाईंकडे पाठवला. फुलपाखरांतला त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई आणि त्या नियतकालिकाचं संपादन त्याच बघत. दोन नोव्हेंबरला त्यांचा फोन आला.

"गुळवणी, चित्र क्रमांक अकरा. ही दोनठिपकी कोणी ठरवली?"

"मीच, बाई."

"ठिपके मोजलेत?"

चित्र अकरा मी फक्त सुबक दिसतं म्हणून निवडलं होतं.

"मोजा आता. मी फोन धरून आहे."

मी फोटो मोठा केला. पंखाच्या मुळाशी एक ठिपका होता. दुसरा शोधला. डोळे चोळून पुन्हा शोधला. एकच.

"एकठिपकी?" माझा आवाज चिरकला. आमच्या भागातून तिची नोंद मी वाचलेल्या कुठल्याच कागदात नव्हती.

"असू शकेल," बाई म्हणाल्या. "बाकीच्या खुणाही जुळतायत. पण एका फोटोवर मी सही करणार नाही. दोनठिपकीचा एखादा ठिपका जन्मतःच नसतो कधीकधी. त्याच जागी जा, त्याच झुडपापाशी. एकठिपकी असेल तर तिथे आणखी मिळतील. पाच-सहा स्पष्ट फोटो आणा. नुसत्या याद्या माझ्याकडे ढीगभर पडल्यात, तुमची आणखी एक छापायला मी सुचवणार नाही. पण हे सिद्ध झालं तर याच महिन्यात स्वीकृतीचं पत्र देते. जागा कुठली?"

"बघून सांगतो," मी म्हणालो.

मुलाखतीत स्वीकृतीचं पत्रही चाललं असतं. पण काय बघणार होतो? फोटोचं नाव होतं "दोनठिपकी २४७, आजरा तालुका". जागेचा पत्ता ज्या तिकिटावर होता ते मी माझ्या हाताने कापून टाकलं होतं. साताप्पाच्या कार्डावर काही उरलं नव्हतं. मी लगेच त्याला फोन लावला. मागे गाडीचा खडखडाट ऐकू येत होता.

"येडूरकर, एक फोटो आहे, पिवळीचा. कुठे काढला ते हवंय."

"तिकिटावर असंल की सर."

"तिकीट मी कापलं."

"सगळ्याच फोटोतलं?"

"सगळ्याच."

कुणीतरी त्याच्याकडे उत्तूरचं तिकीट मागत होतं. मग तो हळूच म्हणाला, "मग आता कशी वो गावायची जागा?"

त्या संध्याकाळी स्टँडवर गाडी लागल्यावर मी त्याला फोटोची छापील प्रत दाखवली. तो कागद त्याने जवळ धरला, लांब धरला, उजेडात नेला. "हे टाकळ्याचं पान न्हाई. मागं तांबडं दिसतंय ती दरड आसंल. पन दरड तर सगळीकडंच हाय."

"आठवा जरा."

"सर, पंधरा दिसात मी साठ-सत्तर पिवळ्या काढल्यात. त्यात सात मुक्काम. आज हितं, परवा तितं." तो खरोखर ओशाळला होता. "आता तुमी म्हनाल तितं जाऊ. माझ्याच गाडीनं चला."

मी गेलो. पहिल्यांदा सुळेरानला, मग किटवड्याला, मग घाटकरवाडीला. संध्याकाळी त्याच्या गाडीत बसायचं, देवळात पथारी पसरायची, पहाटे थंडीत कुडकुडत उठून पानं उलटी करायची. किटवड्याला आम्ही पन्नास पावलांच्या टप्प्यात अकरा पिवळ्या मोजल्या. साताप्पा गुडघ्यावर बसून पान असं हलकं उचलायचा की फुलपाखराला कळायचंही नाही. मी भिंग लावून मोजायचो.

"दोन," मी म्हणायचो.

"ही बगा."

"दोन."

"आनि ही?"

"दोन! दोन! दोन!" शेवटी मी ओरडलो आणि ती उडाली.

"वरडू नगा सर. तिचा काय दोष?"

माझे बूट भिजलेले होते, नाक वाहत होतं, आणि हा माणूस मला फुलपाखराची बाजू समजावून सांगत होता. मी ते भिंग खिशात कोंबलं आणि गाडीत जाऊन बसलो. सातला गाडी निघाली तेव्हा त्याने तिकीट द्यायला माझ्यापाशी येऊन नेहमीसारखं "कुठं, सर?" असं विचारलं. मी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याने आजऱ्याचं फाडलं.

नोव्हेंबर सरत आला. झुडपं वाळायला लागली, पिवळ्याही विरळ झाल्या. सातांपैकी तीन गावं झाली होती. उरलेल्या चार गावांना त्याची ड्युटी लागत नव्हती, आणि मला कॉलेजच्या परीक्षा होत्या. अठ्ठावीस तारखेला मी त्याला स्टँडवरच्या कँटीनमध्ये गाठलं. दोन चहा सांगितले आणि आवाज खाली आणून म्हणालो, "येडूरकर, एक गाव सांगा."

"आठवत न्हाई वो."

"आठवत नसलं तरी सांगा. या सातातलंच कुठलंतरी आहे ना? मग एक नाव घ्या. मी बाईंना लिहितो, की जागा अमुक, पण झुडूप तोडलं गेल्यामुळे पुन्हा फोटो मिळाले नाहीत. निदान जागा असली की त्या विचार करतील. फोटो तुमच्या नावाने छापीन. छायाचित्र, साताप्पा येडूरकर. आगारात तुम्हाला फुलपाखरू म्हणून चिडवतात ना सगळे? लावा तो कागद भिंतीवर."

तो चहा ढवळत राहिला. त्याच्या मनात काय चाललंय ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्याला तो कागद हवा होता. कंडक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीत कुठे लावायचा तेही त्याने मला मागे एकदा सांगितलं होतं, पंख्याच्या बटणांच्या वर.

"न्हाई सर," तो म्हणाला. "गाडी जितं थांबली न्हाई तितं थांबली म्हनून कसं लिवायचं? उद्या कोन पोरगं तुमचं वाचून किटवड्याला जाईल, आनि आपल्यावानी पानं उलटी करत बसंल."

"माझी नोकरी जातेय, कळतंय का?"

"कळतंय की."

"तुला काय कळतंय डोंबल! एक जागा लक्षात ठेवता येत नाही तुला, आणि मोठा प्रामाणिकपणाचा पुतळा!" मी त्याला अरे-तुरे करतोय हे माझ्या लक्षात आलं, पण गाडी उतारावर सुटली होती. "तिकिटं गोळा करत फिरतोस पोरासारखा. फोटो काढता येतो म्हणजे शास्त्र कळतं असं नाही!"

कँटीनमधली माणसं बघायला लागली. साताप्पाने चहा संपवला, दोन्ही चहांचे पैसे टेबलावर ठेवले आणि ड्युटीवर गेला. तो गेल्यावर मला माझीच शिसारी आली, तरी उठून त्याच्यामागे गेलो नाही.

तीन डिसेंबरला दुपारी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा. त्या दिवशी त्याची सुट्टी नव्हती, दोन फेऱ्यांच्या मधे आला होता. हातात रुमालात गुंडाळलेलं एक कार्ड.

"सर, गावलं वाटतंय. त्यो फोटो. कापायच्या आदीचा."

मी उठलोच. "कुठे?"

"माझी कस्तुरी बेळगावात नर्सिंग शिकती. दसऱ्याला घरला आल्ती, तवा तिनं मोबाईलमधलं समदं आपल्या संगणकात घालून घेतल्तं, मैत्रिणींना दाखवायला. मला काय म्हाईत? काल फोनवर सहज बोलता बोलता म्हनाली. आज सकाळच्या बेळगाव गाडीबरूबर धाडून दिलं."

मी कार्ड हिसकावूनच घेतलं. यादीत शंभरावर फोटो होते, मी एकेक उघडत गेलो, आणि तो सापडला. तेच पान, तीच मागची तांबडी दरड, तोच दवाचा थेंब. पंखाच्या मुळाशी तो एकुलता एक ठिपका. मी डावीकडे सरकलो.

डावीकडे नुसतं पान होतं. मोकळं, हिरवं, तिकिटाएवढ्या जागेत काही नसलेलं पान.

मी पुढचा फोटो उघडला. त्यातही तिकीट नव्हतं. त्याच्या पुढच्यातही नाही. कार्डावरच्या एकाही फोटोत तिकीट नव्हतं.

"तिकीट कुठाय?" मी विचारलं.

"न्हाई," साताप्पा म्हणाला. तो अजून उभाच होता. "मीबी आत्ताच बगतोय. म्हंजे ह्यो नवरात्रातला दिसतोय. मला वाटल्तं, आदीचा आसंल. म्हनून तवा तिकिटावर हाय म्हनालो. चूक माझी झाली, सर."

"पण का नाही ठेवलंत?"

तो घुटमळला. "तुमीच म्हनलासा की. घटस्थापनेच्या दिशी फोन केल्तासा. लई तापल्यालासा. म्हनलासा, तुझं ते तिकीट बघून मला ओकारी येती, पुन्यांदा एकाबी फोटोत दिसलं तर पाखरं आनू नगंस. मग म्हटलं, सरांना इतका तरास हुतोय तर ऱ्हाऊ दे." तो जरा हसला. "पन सवय वाईट. मोबाईल धरला की डाव्या अंगाला तिकिटाएवढी जागा सुटायचीच."

मला तो फोन आठवला. शब्द नाही, पण मी कुठे उभा होतो ते आठवलं. बायकोशी भांडण झालं होतं आणि हातात भिंग होतं. आणि मग जे कळलं त्याने माझे कान तापले. त्या पंधरवड्यातले सगळे फोटो मी कापले होते. एकेक उघडून, डावीकडचा तिसरा भाग. तिथे तिकीट नव्हतं, आणि ते मला दिसलं नव्हतं. तीनशे बारा पिवळ्या मी बघितल्या असं मी सगळ्यांना सांगत होतो.

"चूक तुमची नाही, येडूरकर," मी म्हणालो. त्याच्यापुढे कसं बसावं तेही मला कळेना. "त्या दिवशी कँटीनमध्ये मी जे बोललो—"

"जाऊ द्या वो. नोकरीपायी मानूस बोलतंय."

वीस तारखेच्या मुलाखतीला मी छापील निबंधाशिवाय गेलो आणि ती जागा दुसऱ्याला मिळाली. पुढच्या दोन पावसाळ्यांत आम्ही सातही गावं पालथी घातली. एकठिपकी पुन्हा दिसली नाही. ती खरंच एकठिपकी होती की एक ठिपका कमी घेऊन जन्मलेली दोनठिपकी, हे मला आजही सांगता येत नाही. कारखानीस बाईंना मी सगळं खरं लिहून कळवलं. त्यांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं, ते मी ठेवलेलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी साताप्पाची फेरी सुटायला दहा मिनिटं होती. त्याने कार्ड परत रुमालात गुंडाळलं, दारापर्यंत गेला, आणि वळून, परवानगी मागावी तसं त्याने विचारलं, "मग आता परत ठेवत जाऊ काय सर, तिकीट?"